पत्र मागवायचं कुठे?

हल्लीची मुलं त्या काळाबद्दल विचारतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक कायद्याचे असतात. पोलीस पकडायचे का, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ माहीत होतं का, भीती वाटायची का. माहीत होतं आणि वाटायची. पण १९९१ साली पंचविशीतल्या, गिरगावात चाळीत राहणाऱ्या आणि फोर्टमधल्या बँकेत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्या मुलापुढचा पहिला प्रश्न त्याहून साधा होता. पत्र मागवायचं कुठे?

आमच्या चाळीत टपाल म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. पोस्टमन जिन्याखाली उभा राहून नावं पुकारायचा आणि जो कोणी खाली येत असेल त्याच्या हातात गठ्ठा द्यायचा. पाकीट आमच्या दारापर्यंत पोचेतो कुठल्या गावचा शिक्का आहे, अक्षर बाईचं की पुरुषाचं, हे गॅलरीतल्या चार घरांना कळलेलं असे. फोन मजल्यावर एकच, तोही शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या बाजूला. त्यामुळे ज्याला स्वतःबद्दल कुणाशी बोलायचंय त्याच्याकडे ना खोली होती, ना फोन, ना पत्ता.

आपल्यासारखी माणसं आणखी आहेत, हे मला तोवर छापील कागदावरूनच कळलं होतं. १९८६ साली 'सॅव्ही' नावाच्या इंग्रजी मासिकात पत्रकार अशोक राव कवी यांची मुलाखत आली. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी स्वतःच्या नावाने सांगितलं होतं. बँकेतल्या एका सहकारी बाईंच्या ड्रॉवरमध्ये तो अंक होता आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचं जाहीर वाचन चाललं होतं, हसत-खिदळत. मीही हसलो. सगळे गेल्यावर तो अंक काढून घेतला आणि संडासात जाऊन वाचला.

मराठीत काय होतं? १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं होतं, त्यात बाईवर प्रेम करणारी बाई होती. मी तेव्हा शाळेत. घरी त्या नाटकाचं नाव निघालं की आवाज खाली जायचा एवढं आठवतं. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून १९२७ पासून लैंगिक प्रश्नांवर बिनदिक्कत लिहीत होते, वाचकांच्या शंकांना उत्तरं देत होते, त्यापायी खटले अंगावर घेत होते आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले होते, हे मला फार उशिरा, ग्रंथालयात जुने अंक चाळताना समजलं. राग आला. माझ्या आजोबांच्या वयाच्या लोकांना ज्यावर मराठीत वाचता येत होतं, त्यावर मला माझ्या तरुणपणी एक ओळ सापडली नव्हती.

१९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक निघालं. राव कवींनीच, काही मित्रांबरोबर. मला ते वर्षभराने फोर्टमधल्या एका दुकानात मिळालं. बारीकसा अंक, मजकूर बहुतेक इंग्रजी, थोडा हिंदी. मी घेतला तो लेखांसाठी नव्हे, मागच्या पानांवरच्या छोट्या जाहिरातींसाठी. वय, शहर, दोन-तीन ओळी आणि एक क्रमांक. उत्तर लिहून पाकिटात घालायचं, पाकिटावर तो क्रमांक, ते दुसऱ्या पाकिटात, आणि पुढचं काम अंकवाले करणार. सोपं होतं. फक्त उत्तराचं उत्तर यायला पत्ता लागणार होता.

तो मला जीपीओने, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टाने दिला. व्हीटीशेजारच्या त्या घुमटाखाली पोस्ट रेस्टांटची खिडकी आहे, म्हणजे ज्यांचा शहरात पत्ता नाही अशांची पत्रं पोस्ट सांभाळून ठेवतं आणि माणूस येऊन घेऊन जातो. फिरतीवरचे विक्रेते, परदेशी हिप्पी, खलाशी यांच्यासाठीची ही सोय. खोट्या नावाने चालत नसे, ओळखपत्र दाखवावं लागायचं. मी बँकेचं कार्ड पुढे केलं. म्हणजे जिथे चोरून पत्रं मागवायची तिथेच माझं खरं नाव, नोकरीचं ठिकाण, फोटो सगळं उघड. खिडकीवरचे गृहस्थ कार्ड बघायचे, गठ्ठ्यात बोट फिरवायचे आणि 'आहे' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचे. मुंबईचाच माणूस मुंबईच्या जीपीओत पत्र का मागवतो, हे त्यांनी कधीही विचारलं नाही. त्या काळात माझ्याशी सर्वांत सभ्यपणे वागलेला सरकारी माणूस तोच.

पहिलं पत्र मी इंग्रजीत लिहिलं आणि ते कर्जमंजुरीच्या पत्रासारखं उतरलं. 'आपल्या जाहिरातीच्या संदर्भात' इथून सुरुवात आणि शेवटी 'आपला विश्वासू'. मनातलं सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतीच, होती ती बँकेची. पुढच्या पत्रांत मी सरळ मराठीत लिहू लागलो. ज्याला कळेल तो उत्तर देईल. उत्तरं आली. दक्षिण महाराष्ट्रातले एक शिक्षक, नाशकाकडचा एक औषधविक्रेता, कोकणातला एक बागायतदार. बहुतेक सगळे लग्न झालेले, मुलंबाळं असलेले. शिक्षकांनी पहिल्याच पत्रात स्पष्ट केलं की त्यांना भेटायचं नाही, फक्त लिहायचं आहे. आम्ही बरीच वर्षं लिहीत राहिलो. त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल मला कळवलेला असायचा. बायकोबद्दल ते नेहमी आदराने लिहीत. तिच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही, आता करतो. ही गोष्ट आम्ही पुरुष सांगतो तेव्हा त्या बायका कुठेच नसतात.

ज्यांना इंग्रजी मासिकं, पोस्टाच्या खिडक्या यातलं काही ठाऊक नव्हतं त्यांचं शहर वेगळं होतं. लोकलचे ठरावीक डबे, काही स्टेशनांवरच्या मुताऱ्या, अपोलो बंदरची समुद्राकाठची भिंत. मीही जायचो. हे लिहिताना आजही हात अडखळतो, कारण आता आमच्यातलेच सुसंस्कृत लोक त्याला घाण म्हणतात. ज्या शहरात अख्खं कुटुंब दहा बाय बाराच्या खोलीत झोपतं तिथे दोन माणसांनी जायचं कुठे, याचं उत्तर त्यांनी आधी द्यावं. त्या भिंतीपाशी मला गोदीतला कामगार भेटला, वकील भेटला, नागपाड्याचा शिंपी भेटला. पैसेवाले शनिवारी कुलाब्यातल्या एका क्लबात नाचायला जायचे. मीही तिथे डोकावलो. तिथली इंग्रजी ऐकून खिडकीपाशी उभा राहिलो आणि लवकर घरी आलो.

भिंतीपाशी पोलीसही भेटायचे. साध्या कपड्यांतले दोघे एकदा माझ्या दोन्ही बाजूंनी चालू लागले. एकाने खांद्यावर हात टाकला, अगदी मित्रासारखा. 'काय करतोस, कुठे राहतोस?' मग '३७७ माहितीय? जन्मठेप आहे.' खोटं नव्हतं, १८६० च्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप अशीच शिक्षा लिहिली होती. पण कोर्टाचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. ते म्हणाले, 'घरी फोन करूया का? की बँकेत?' पाकिटातले पैसे गेले, घड्याळ गेलं. घड्याळ बाबांचं होतं. घरी लोकलमध्ये मारलं असं सांगितलं. अशा वसुलीची पावती नसते आणि तक्रारही नसते. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात लिहिलं की दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले चालले. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते घड्याळ.

मध्यंतरी एका मानसोपचारतज्ज्ञाकडेही गेलो, स्वतःच्या पायांनी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. माझ्या डॉक्टरांपर्यंत ती बातमी पोचलेली नसावी किंवा पोचूनही फरक पडला नसावा. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला आणि लग्न कर म्हणाले. सहा महिन्यांत सगळं सुरळीत होतं, अनुभवाचं सांगतो. दुसरीकडे काही जणांना नग्न पुरुषांची चित्रं दाखवून विजेचे झटके दिले जात, तेव्हा माझे डॉक्टर दयाळूच म्हणायचे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार नाही अशी आपली सविस्तर भूमिका जाहीर केली ती २०१८ मध्ये.

मग वाकोला. राव कवींनी १९९४ मध्ये समलिंगींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट स्थापन केला आणि काही काळाने सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या बाजारात, महापालिकेच्या जुन्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. एड्सच्या साथीमुळे महापालिकेला आमच्यापर्यंत पोचण्याची गरज वाटू लागली होती, त्यातून हे घडलं. रोगाच्या भीतीने का होईना, दार उघडलं. जिथे एक सरकारी खातं आम्हाला उचलत होतं तिथेच दुसरं सरकारी खातं पंखा आणि खुर्च्या देत होतं, यातली गंमत त्या इमारतीच्या जिन्यावरच कळायची. खाली भाजीवाल्या, वर आम्ही.

शुक्रवारी संध्याकाळी गटात बसायचो. पहिल्या वेळी मी कोपऱ्यात, दप्तर मांडीवर घट्ट धरून. कंडोम, रक्ततपासणी, पोलिसांनी धरलं तर काय बोलायचं, घरच्यांना कसं सांगायचं, असे विषय. भाषा हिंदी, मध्येच इंग्रजी, आणि कोती मंडळींची, म्हणजे बायकी ढंगाने वावरणाऱ्या पुरुषांची, स्वतःची बोली. टाळ्या वाजवत एकमेकांना 'अगं ए' म्हणणारी ती मुलं बघून मी आधी अंग चोरलं. मी तसा नाही, मी बँकेतला, असं मनात. ती अढी जायला वेळ लागला. पण पोलिसांनी धरलेल्याला सोडवायला रात्री चौकीत जाणारी हीच मुलं होती. आम्ही बँकवाले नाही.

तिथेच हा भेटला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना चालणार नाही. 'हा' म्हणतो, आमच्या चाळीतल्या बायका नवऱ्याला म्हणायच्या तसा. डोंबिवलीचा, छापखान्यात कामाला. बैठक संपल्यावर सगळे चहाला थांबायचे तेव्हा हा घड्याळ बघत निघायचा. मला वाटलं शिष्ट आहे. नंतर कळलं की घरी आजारी वडील होते आणि त्यांना रात्रीचं जेवण भरवायचं असायचं. आम्ही दोघं मराठीत बोलू लागलो. मनातलं मराठीत, समोरासमोर, आवाज खाली न आणता बोलायला मी तिशीत शिकलो.

तोवर घरी स्थळं येऊ लागली होती. आई मुलींच्या पत्रिका ट्रंकेत ठेवायची, फोटो गीतेच्या पुस्तकात. प्रत्येक वेळी मी काहीतरी खुसपट काढायचो. मुलगी फार शिकलेली, कमी शिकलेली, घर लांब. कांदेपोहे खाऊन परत आल्यावर त्या मुलीने घरी आपल्यातला कोणता दोष शोधला असेल, हे डोक्यात यायचं आणि दोन दिवस बोलवत नसे.

आधी ताईला सांगितलं. ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं,' आणि मग बराच वेळ रडली, म्हणजे वाटलं नव्हतं. भाऊजींना तिने स्वतः सांगितलं, मला सांगायला लावलं नाही. आईला सांगायचं ठरवलं त्याला निमित्त पुण्याच्या एका स्थळाचं झालं. मी नाही म्हणालो तशी आईने पोळपाट बाजूला सारला आणि म्हणाली, 'कुठल्या जातीची आहे ते तरी सांग. मी काही म्हणणार नाही. मुसलमानाची असली तरी चालेल.' तिने मनाची केवढी तयारी केली होती! माझ्यासाठी ती किती पुढे येऊन उभी राहिली होती आणि तरी मी तिच्या पल्ल्याबाहेर होतो. 'मुलगी नाही आई,' मी म्हणालो. 'मुलगीच नाही.' तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने उरलेल्या पोळ्या लाटल्या.

आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. गॅलरीत मात्र नेहमीसारखी हसायची, म्हणजे कुणाला संशय नको. मग एका रात्री अंथरुणं घालताना विचारलं, 'म्हातारपणी तुझं कोण करणार?' पाप, लोक, देव यांबद्दल एक शब्द नाही. तिला फक्त हे हवं होतं. मी याच्याबद्दल सांगितलं. डोंबिवलीचा आहे, छापखान्यात आहे, वडिलांचं करतो. वडिलांचं करतो हे तिने लक्षात ठेवलं.

आईने स्वीकारलं असं मी म्हणत नाही. तिने सोय केली. त्याला ती 'तुझा डोंबिवलीकर' म्हणायची. गणपतीत तो आला की आरतीचं ताट त्याच्याही हातात द्यायची, पण नातेवाईक असले की द्यायची नाही. त्याला चवळीची उसळ आवडते हे तिला ठाऊक होतं. मी तिला यापेक्षा जास्त कधी मागितलं नाही आणि तिने यापेक्षा कमी कधी केलं नाही.

१९९९ च्या सुमारास आम्ही ठाण्यात वन-रूम-किचन घेतलं, माझ्या नावावर, बँकेच्या कर्मचारी कर्जातून. सोसायटीला तो मामेभाऊ म्हणून सांगितला. मामेभाऊ हे नातं त्या काळी आमच्यासारख्या किती घरांत राहत होतं, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा. जिन्यावरचे लोक त्याला माझ्या मामांची तब्येत विचारायचे आणि हा बिनधास्त सांगायचा.

१६ ऑगस्ट २००८. ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत आमच्या हक्कांसाठीचा मोर्चा निघणार होता. म्हणजे माझ्या बालपणातूनच. ज्यांना ओळख लपवायची होती त्यांच्यासाठी मुखवटे होते, मी घेतला. रस्त्याच्या कडेला उभ्या लोकांच्या चेहऱ्यांवर द्वेष कमी आणि कुतूहल जास्त होतं, ढोल वाजतोय म्हणजे काहीतरी चाललंय, बघूया. चौपाटीच्या अलीकडे आमच्या चाळीतले एक काका दिसले, हातात पिशवी. मुखवट्याच्या आतून मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला चालण्यावरून ओळखलं असावं, कारण पुढच्या भेटीत ते म्हणाले, 'पायाचं दुखणं बरं दिसतंय तुझं, बराच चाललास.' बस, एवढंच.

निकालांबद्दल सगळ्यांना माहीत आहे, भराभर सांगतो. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलमाचा विषारी दात काढला, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो परत बसवला, ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी कायमचा उपटला. आई मधल्या काळात, २०११ मध्ये गेली. २०१८ च्या निकालानंतर सोसायटीचे सेक्रेटरी पेढे घेऊन वर आले. 'आम्हाला माहीतच होतं हो,' म्हणाले, आणि मग दारातच उभं राहून पार्किंगच्या वादात माझं मत मागितलं.

लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. पेपरांनी मोठी बातमी केली. मला निवृत्त बँकवाला म्हणून हसू आलं. आमचं संयुक्त खातं ठाण्याला आलो तेव्हापासूनचं आहे. फॉर्मवर नातं विचारलंच नव्हतं, फक्त दोन सह्या मागितल्या होत्या.

घराचं तसं नाही. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक होतो असा लोकांचा समज आहे. तो फक्त सांभाळणारा. मृत्युपत्राशिवाय मी गेलो तर बायको नाही, मुलं नाहीत, आई-बाबा नाहीत, म्हणून हिंदू वारसा कायद्याने घर ताईकडे जाईल. याच्याकडे काहीही नाही, इतक्या वर्षांचे हप्ते अर्धे त्याने भरले असले तरी. म्हणून गेल्या वर्षी मृत्युपत्र केलं. नोंदणी सक्तीची नसते, आम्ही केली. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असेच असावेत. वकील म्हणाले, जो उद्या वाद घालू शकतो त्याचीच सही साक्षीदार म्हणून मिळाली तर उत्तम. म्हणजे ताई.

ती चष्मा लावून सगळं वाचत बसली, बँकेतल्या बाईंसारखी, एकेक कलम. भाऊजी म्हणाले, अगं सही कर. ती म्हणाली, वाचल्याशिवाय कशी करू. मग फॅमिली डॉक्टरांच्या सहीखाली तिने पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आडनाव कंसात. आणि मान वर करून मला म्हणाली, 'याचं काय? याने केलं का? त्याचे भाऊ काही गप्प बसणारे नाहीत.'

केलेलं नव्हतं. त्याचं पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या घरचं कुणी सही करणार नाही, म्हणून वाकोल्याच्या शुक्रवारांतले आमचे दोघे येणार आहेत. एकाला विरारहून यायचंय, त्यामुळे वकिलांची वेळ दुपारची घेतली आहे.